मेन पाडल्यावरही प्रेस जिवंत असतो
मशीन दुरुस्त करताना "मेन (मुख्य स्विच) पाडून 'काम चालू आहे' ही पाटी लावली की झालं", असं एकांनी लिहिलंय. नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात मी हेच पाहत आलोय, आणि भीती त्याचीच वाटते. पाटी कुणीही काढतो. बंद केलेल्या स्विचवर कुलूप प्रत्येक फिटरचं स्वतःचं हवं, किल्ली त्याच्याच खिशात. शिवाय हायड्रॉलिक प्रेसची मोटर थांबली तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब उरतो, वर राहिलेला रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग, स्वतःच्या वजनानेच खाली येऊ शकतो. दाब सोडा, गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (तो खाली येऊ नये म्हणून भक्कम टेकू) लावा. व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) वीज साठवणारे कपॅसिटर तर वीज गेल्यावरही काही मिनिटं चार्ज असतात. मीटर लावून वीज उरली नाही हे बघितल्याशिवाय हात नकोच. मग स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच सुरू होत नाही ना, ते बघा. शिफ्ट बदलताना आधी येणाऱ्याचं कुलूप लागायचं, मगच जाणाऱ्याचं निघायचं.