एक्झिट कोडला 'निर्गम संकेतांक' म्हणावे का?

कोपरीकर: फायली उतरवून घेणाऱ्या एका कमांडलाइन साधनाचे मदतपान मराठीत करायचे आहे. काम संपताना प्रोग्राम ते जमले की फसले हे सांगणारा जो आकडा परत करतो, त्या 'एक्झिट कोड'ला मी 'निर्गम संकेतांक' लिहिले, तर तपासनिसांनी 'बाहेर पडण्याचा कोड' केले. ते दाराच्या कुलपाचे आकडे वाटतात. दुसरा शब्द आहे का?

घणसोलीकर: 'निर्गम' नकोच. शाळेचा निर्गम उतारा असतो. शासन निर्णय निर्गमित होतो तेव्हा तो लागू होतो, संपत नाही. 'परिणामांक' घ्या.

ऐरोलीकर: नवी मुंबईत महापे, रबाळ्याच्या आयटी कंपन्यांत सगळे 'एक्झिट कोड किती आला?' असेच विचारतात. टर्मिनलसमोर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीसमोर, बसलेल्याला परिणामांक कशाला?

कळवेकर: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना असतो. या आकड्याचे काम नेमके तेच. 'समाप्तीकारण' म्हणा.

घणसोलीकर: 0 म्हणजे सगळे सुरळीत, मग त्याला कारण कसले? त्यापेक्षा 'शेरा' बसेल. मूळ अरबी 'शरह', म्हणजे स्पष्टीकरण.

ऐरोलीकर: शेरा शब्दांत असतो. इथे 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. 256 परत केले तर शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, 0 दिसतो आणि फसलेले काम यशस्वी ठरते.

कोपरीकर: या आकड्यांच्या तक्त्यातही अडचण आहे. वीगेट या फायली उतरवणाऱ्या साधनाचा 4 म्हणजे नेटवर्कचा बिघाड, 8 म्हणजे सर्व्हरने त्रुटी कळवली. दोन्हींपुढे 'अपयश' आले आहे.

कळवेकर: ते आधी बदला. 4 ला 'पोचता आले नाही', 8 ला 'सर्व्हरने नकार दिला'. 4 आला तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असतो. 8 मात्र सर्व्हरच्या 404 या उत्तरालाही येतो आणि 503 लाही. पहिल्यात फाइलच नाही, दुसऱ्यात सर्व्हर तात्पुरता बंद. स्क्रिप्टने काय समजायचे? साधन तुमचेच असेल तर हे दोन वेगळे करा. 'नंतर पुन्हा करा' यासाठी युनिक्समध्ये 75 हा जुना संकेत आहे. 126 पासून पुढचे आकडे वापरू नका, त्यांना शेलमध्ये आधीच अर्थ आहेत: 127 म्हणजे कमांड सापडली नाही, 130 म्हणजे कंट्रोल-सी दाबून थांबवली.

ऐरोलीकर: कर्ल या तशाच दुसऱ्या साधनाचे लक्षात ठेवा. 'फेल' पर्याय दिला नाही तर 404 लाही 0 येतो आणि त्रुटीचे पान फाइल म्हणून साठते. पर्याय दिला की 22.

घणसोलीकर: कर्लच्या 18 ला काय लिहिणार? फाइल मध्येच तुटली. 'अर्धवट'?

कळवेकर: 'अपूर्ण' लिहा. अर्धवट माणसाला म्हणतात.

घणसोलीकर: काम अर्धवट सोडले, असे रोज म्हणतो की! 'अपूर्ण' म्हटले तर अजून चालू आहे असेही वाटेल.

कोपरीकर: आणि मथळ्यात?

ऐरोलीकर: एक्झिट कोड.

घणसोलीकर: परिणामांक.