गावातलं दुकान देशभर पोचतं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

तुमच्या ओळखीचं एखादं दुकान बघता बघता देशभर पसरलं का? गिऱ्हाईक, नोकर, माल पुरवणारे, सगळ्यांनी लिहा. फक्त ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय गेलं ते सांगा.

सायली_क: ‘राहू द्या, नंतर द्या’ हे गेलं. सुटे नसले की मालक गल्ल्यावरून असं म्हणायचे. आता काउंटरवरच्या मुलीला वाटलं तरी ती तसं म्हणू शकत नाही. वस्तू बदलून मागितली तर ‘सिस्टिम घेत नाही’. तिचा काय दोष? ठरवणारा माणूसच दुकानात उरला नाही.

पर्चेसवाला: मी आतला माणूस. सगळ्यात अवघड असते ती दुसरी शाखा, विसावी नाही. एका दुकानात मालकाची नजर पुरते. दोन झाली की कुठल्या तरी एका ठिकाणी तो नसतोच. मग मालाला कोड आले, फळ्यांचे नकाशे आले, डोक्यातलं सगळं कागदावर आलं. आमच्या जुन्या मदतनिसाला स्कॅनर दिला, तर हा गडी आधी न बघता हात घालून वस्तू काढायचा आणि मग साहेबांसमोर स्कॅनर फिरवत ती शोधल्याचं नाटक करायचा! साठा मात्र त्याचाच बरोबर निघायचा.

भाडेकरू: माझा अनुभव नाही, पण वॉलमार्ट ही अमेरिकेतली दुकानांची साखळी काढणाऱ्या सॅम वॉल्टनचं उदाहरण द्यायलाच हवं. आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्टमधलं त्याचं दुकान जोरात चाललेलं असताना जागामालकानं करार वाढवून दिला नाही. १९५० मध्ये बिऱ्हाड हलवून तो बेंटनव्हिलला गेला. पहिलं वॉलमार्ट १९६२ चं, जवळच्याच रॉजर्सचं. पुढे दुकानं काढली तीही गोदामातून ट्रक दिवसभरात पोचेल अशा टापूत. तो भरला की पुढचा टापू. देशभर जायचं म्हणून नकाशावर कुठेही झेंडे रोवले नाहीत.

भटकी: सिएटलच्या पाइक प्लेसमधल्या ‘पहिल्या’ स्टारबक्सबाहेर ही रांग! खरं तर १९७१ चं मूळ दुकान वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर होतं, इथे ते १९७६ मध्ये आलं. आणि सुरुवातीला धंदा होता कॉफीच्या भाजलेल्या बिया विकायचा. रांगेत पुढच्या बाईंना हे सांगितलं. ‘असं का?’ म्हणाल्या आणि फोटो काढत राहिल्या.

शेडवाला: आम्ही माल पुरवणारे. पूर्वी टेम्पो रिकामा झाला की पैसे हातात. आता ऑर्डर कितीतरी पट, पण बिल पास व्हायला महिने जातात आणि खोक्यावरचं लेबल वाकडं लागलं तरी माल परत. तक्रार नाही, दुसरी शेड त्याच ऑर्डरवर उभी राहिली. पण बहुतेक माल एकाच गिऱ्हाइकाला जातो म्हटल्यावर भाव तेच ठरवणार. म्हणून यंदा दोन छोटे दुकानदार धरलेत. रोखीचे.