तिसरा मजला, काठीवरच्या सासूबाई आणि ग्रेट डेन: जमेल का?

मुग्धा_कोथरूड:
दोन बेडरूमचा फ्लॅट, तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण अधूनमधून रुसते. आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगा पाचवीत, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर सुटला, आता काठी. मुलाला ग्रेट डेन जातीचाच कुत्रा हवाय. नवरा म्हणतो, डेन दिवसभर लोळत पडतो, फ्लॅटला उलट बरा. ज्यांनी पाळलाय त्यांनीच सांगा, आणि गोड बोलू नका.

नाशिकचा_बापू:
ताई, यजमान चुकीचं सांगत नाहीत. आमचा डेन सोफा सोडत नाही, भुंकणंही बेताचं. जागेची अडचण नाहीच, अडचण वजनाची. पूर्ण वाढलेला डेन ५० ते ८० किलो.

आधी सासूबाईंचं बघा. या जातीला माणसाला रेलून उभं राहायची सवय. लाडात येतो, कंबरेला अंग लावतो आणि भार टाकतो. माझी आई चांगली कणखर, तरी पाठीमागे फ्रिज होता म्हणून वाचली. वर्षाचा होईपर्यंत त्याचं अंग घोड्यासारखं वाढतं, अक्कल मात्र पिल्लाचीच. काठीवरच्या माणसाला तोच काळ धोक्याचा.

शेपटीबद्दल कुणी सांगत नाही. आनंदाने भिंतीवर आपटून आपटून टोक फुटतं. आमच्या पॅसेजमध्ये कमरेच्या उंचीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. बँडेज टिकत नाही. ओट्यावरचा पोळ्यांचा डबा तर तो पाय न उचलता गाठतो.

आता खरी भीती. पोटात वायू भरून जठर फिरतं, आणि काही तासांत कुत्रा जातो. डेन यात फार पुढे. पोट टम्म होतं, ओकायला बघतो पण काही पडत नाही, एका जागी बसत नाही. म्हणून खाणं दोन-तीन वेळा विभागून द्यायचं, खाल्ल्यावर तासभर तरी धावाधाव नाही. रात्री २ वाजता हे ऑपरेशन करणारा डॉक्टर कुठे आहे, ते पिल्लू आणण्याआधी शोधा. आणि त्याच रात्री लिफ्ट बंद असली तर? यजमानांना म्हणावं, सिमेंटचं एक पोतं तीन मजले उतरवून दाखवा. ते ५० किलोचंच असतं, आणि कळवळत नाही.

आयुष्य साधारण ७ ते १० वर्षं. मुलगा बारावीला बसेल तेव्हा हा म्हातारा असेल.

वर्षा_ठाणे:
सोसायटीची भीती बाळगू नका. कुत्रा मोठा आहे म्हणून बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत. महापालिकेचा परवाना मात्र काढा.
घेतलाच तर दोन गोष्टी. गुळगुळीत टाइल्सवर चटया टाका, पाय घसरून सांधे बिघडतात. आणि 'हाडं मजबूत होतील' म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम हाडांनाच नडतं. त्यांचं खाणं वेगळं मिळतं, तेच द्या.

लातूरकर:
परदेशी कशाला? कारवान घ्या. आमच्याकडचा, काटक.

नाशिकचा_बापू:
दादा, कारवान शिकारीचा, त्याला पळायला रान लागतं. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर तो पडदे खाईल.

मुग्धा_कोथरूड:
सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पोत्याच्या वाक्याला नवरा गप्प. सासूबाई म्हणाल्या, "रेलू दे गं, मी बसूनच राहीन." त्यांचं ऐकणार नाही.
डेन रद्द. ओळखीतलं एक कुटुंब परदेशी चाललंय, त्यांची ६ वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, ३० किलोच्या आत, जिना चढते-उतरते. मुलगा फुगून बसलाय, पण तिला भेटायला यायला कबूल झालाय. लॅबला ती पोटाची भानगड असते का?

नाशिकचा_बापू:
होऊ शकते, पण डेनइतकी नाही. लॅबला खाण्याचा सोस, तिचं दुखणं वजनाचं. भेटायला जाल तेव्हा बरगड्यांवरून हात फिरवा, बोटांना लागल्या पाहिजेत. आणि सासूबाईंच्या उशाचा बिस्किटांचा पुडा आजच कपाटात हलवा.