जुन्या कपड्यांचं घरात काय काय केलंत? अनुभव सांगा

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला आणि चार गाठोडी खाली आली. आईच्या सुती साड्या अकरा. नवऱ्याचे शर्ट, ज्यांची फक्त कॉलर विरलीये. आणि ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा वेगळा ढीग. हे ब्लाउजपीस मला आले, मी पुढे दिले, आणि त्यातला एक मोरपंखी पाच वर्षांनी फिरून माझ्याकडेच परत आलाय. ओळखला मी त्याला, कोपऱ्यात पेनाची शाई आहे.

आजवर या ढिगातून मी धड एकच वस्तू केली, पडदे. साडेपाच मीटरच्या साडीत दाराचे सात फुटी दोन पडदे वर-खाली दुमड धरून आरामात बसतात. काठ आपोआप उभे येतात, आणि पदराकडचा भाग खाली घेतला की नक्षी पायाशी पडते. सहा महिने येणारा-जाणारा कौतुक करत होता. मग पश्चिमेच्या उन्हाने साडी घडीघडीवर फाटायला लागली. एका वर्षात चाळणी. मागे अस्तर लावायला हवं होतं, हे नंतर सुचलं.

तर सांगा. फोटोपुरत्या वस्तू नकोत. जी धुतली, तुडवली, अंगाखाली घेतली आणि अजून घरात आहे, ती सांगा. फसलेली तर आवर्जून सांगा. मी ठाण्याची, गाठोडी अजून हॉलमध्येच आहेत.

सातारा, कोरेगाव तालुका

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आज्जी उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकली की शिवायला घ्यायची. खाली एक जुनं नऊवारी लुगडं, वर एक, आणि मधे जे असेल ते. धोतर, परकर, आजोबांचे सदरे. पण मधलं कापड कसंही कोंबायचं नाही. प्रत्येक सदऱ्याची शिवण उसवायची, काजपट्टी कापून टाकायची, खिसा सोडवायचा. मी एकदा कंटाळून एक बाही तशीच सरकवली. आज्जीने वरून नुसता तळहात फिरवला आणि म्हणाली, "हितं काय ठिवलंस? पाठीला टोचंल की." सगळं उचकटून बाही बाहेर काढली.

अंगणात पसरून चारी कडांना दगड ठेवायचे, ताणायचं, आधी लांब लांब कच्चे टाके. मग समोरासमोर दोघी बसून धावदोरा, कडेने सुरू करून आत आत. मधून सुरू केलं तर कापड कडेला ढकललं जातं आणि तिथे चुण्या साठतात. शेजारची काकी मोठे टाके घालायची, आज्जीचे बारीक. वाकळ पाहून कोण कुठल्या बाजूला बसलं होतं ते आजही सांगता येतं.

शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आज्जी आत भाकरीचा छोटा कुटका घालायची. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणे. मुंग्या लागतील ना, असं विचारलं तर म्हणाली, "पैल्या धुण्यात ऱ्हातंय व्हय ते?"

ती वाकळ आज माझ्या मुलाच्या अंगाखाली आहे. वरचं लुगडं दोनदा बदललं. आतलं तेच.

पुणे

मी पुरुष माणूस, मशीनवर बसायचं कारण लॉकडाऊन. घरात सहा जुन्या जीन्स होत्या. ठरवलं, बाल्कनीत बसायला मोठं चौकोनी बसकर करू, अडीच फूट बाय अडीच. चौकोन कापले, जोडायला घेतले. जिथे चार चौकोनांचे कोपरे एकत्र येतात तिथे जीन्सचे आठ-आठ थर होतात. मशीनला १४ नंबरची सुई होती. तीन मोडल्या, तिसरीचं टोक उडून चष्म्यावर आलं. मग रविवार पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, काय शिवताय, आणि १८ नंबरची दिली. शिवाय सांगितलं की जाड जोड आधी ठोकून घ्या. बायकोचा खलबत्त्यातला बत्ता घेऊन ओट्यावर ठोकले. खरंच चपटे होतात, आणि मशीन सरळ चालतं.

आत भरायला बाकी चिंध्या बारीक कापून घातल्या. इथे चुकलो. तयार झालं तेव्हा वजन केलं, नऊ किलो. झाडताना उचलावं लागतं म्हणून कामवाल्या मावशी त्याच्या भोवतीनेच झाडतात. पाच वर्षं झाली, एक टाका उसवला नाही. धुतलं मात्र एकदाही नाही, कारण चेन लावायची राहिली.

ठाणे

चेन! लिहून घेतलं.

नागपूर

जुना बनियन. दोन तुकडे. ओट्याचं फडकं. आमच्याकडे पंचवीस वर्षं हीच कला चालू आहे.

इचलकरंजी

यंत्रमागाच्या गावात चिंध्यांना तोटा नाही, कापडाचे तुकडे इथे किलोवर मिळतात. मी वेणीचं पायपुसणं करायला घेतलं. दोन-दोन इंचाच्या पट्ट्या फाडायच्या (कात्रीने कापायच्या नाहीत, सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं), तीन पट्ट्यांची वेणी घालायची, आणि ती चकलीसारखी गोल गुंडाळत शेजारच्या वेढ्याला टाका घालायचा. टीव्ही बघता बघता मांडीवर ठेवून शिवत गेले. चौदा-पंधरा वेढे झाल्यावर जमिनीवर ठेवलं तर ते बसेना. कडा वर! पायपुसण्याची टोपली झाली होती.

सासूबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सांगितलं की वेणी ओढून धरलीस म्हणून असं झालं. बाहेरचा वेढा आतल्यापेक्षा मोठा असतो, त्याला तेवढी वेणी जास्त द्यायला लागते. टेबलावर सपाट ठेवून शिवायचं, मांडीवर नाही, कारण मांडीचाच आकार त्याला येतो. दुसरं केलं ते सपाट झालं आणि मोरीच्या दारात चार वर्षं टिकलं. पहिल्यात कांदे ठेवते. कांद्याला हवा लागते, तक्रार नाही.

नाशिक

थोडी कडू गोष्ट सांगते. आईच्या साड्यांची गोधडी मला स्वतःला जमणार नाही म्हणून ऑर्डर घेणाऱ्या एका ठिकाणी सात साड्या दिल्या. नाव घेत नाही. दोन महिन्यांनी गोधडी आली, वरून सुंदर. हलकी कशी म्हणून कोपरा उसवून बघितला तर आत पॉलिएस्टरचा पांढरा स्पंज. सातातल्या दोनच साड्या वापरल्या होत्या. बाकीच्या पाच विचारल्यावर "कटिंगमध्ये गेल्या" हे उत्तर. ज्यांना बाहेर द्यायचंय त्यांनी मधे काय घालणार ते आधी विचारा आणि उरलेलं कापड परत मागा. किंवा दारावर शिवायला येणाऱ्या बायका मिळाल्या तर त्यांच्याकडून घरासमोर शिवून घ्या, चहा करून द्या. सगळं डोळ्यांसमोर होतं.

न्यू जर्सी

इथल्या ग्रंथालयात दर गुरुवारी क्विल्ट करणाऱ्या बायका जमतात. मी गेले तेव्हा सगळ्या नव्या कोऱ्या कापडाचे पाव इंच शिवण धरून तुकडे जोडत होत्या, आणि मी जुनी साडी घेऊन आले याचं त्यांना फार अप्रूप. त्यांच्यातल्या एकीने मला अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांबद्दल सांगितलं. कापसाच्या मळ्यांवर राबलेली काळी कुटुंबं, शेतात घालायच्या फाटक्या पँटींची पांघरुणं शिवायची. २००२ साली ती संग्रहालयात मांडली गेली, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. चित्रं पाहिली तर वाटलं, हे तर आपल्या वाकळीचं चुलत भावंड.

माझी अडचण वेगळी होती. धुऊन धुऊन विरलेली सुती साडी हातात पाण्यासारखी पळते, चौकोन कापला की त्याचा शंकरपाळा होतो. मग आईने फोनवर सांगितलं, खळ घाल. भाताची पेज गाळून साडीला दिली, ओलसर असताना इस्त्री केली, कागदासारखी कापली गेली. शिवून झाल्यावर मात्र धुवून खळ पूर्ण काढा, नाहीतर कसर लागते.

त्यातली एक निळी साडी कापायला मला आठ महिने लागले. आईची, तिच्या शाळेच्या नोकरीतली, असं मी सगळ्यांना सांगत होते. डोळे वगैरे भरून आले होते. पुरं झाल्यावर व्हिडिओवर दाखवलं, तर आई म्हणाली, "अगं ही माझी कुठे? ही मालूआत्या विसरून गेली होती."

रत्नागिरी

घाटावरच्यांनी सात-आठ थरांची कौतुकं सांगितली, इथे ती चालत नाहीत. जूनमध्ये ओली झालेली जाड गोधडी ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. वरून कोरडी लागते, आत वास मारते, आणि मग काळे ठिपके. बुरशीचे ते डाग जात नाहीत. आमच्याकडे तीन थर पुरे, आणि तेही मऊ सुती. मे महिन्यात कातळावर दोन दिवस सणसणीत ऊन द्यायचं, मगच पेटीत.

हल्याळ, कर्नाटक

घरात मराठी बोलतो, म्हणून लिहितोय. आमच्या भागातल्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. तीही कडेने सुरू होऊन आत जाते, सातारच्या ताईंनी सांगितलं तशीच. पण वर अख्खं लुगडं नसतं. रंगीत तुकडे एकेक करून बसवत आणि शिवत जातात. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे, त्यांना फुलं म्हणतात, आणि ती लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. माझ्या बायकोने तसं करायचा प्रयत्न केला. फुलं झकास झाली, मधला भाग गेली दोन वर्षं बाकी आहे. सध्या फुलांसकट कपाटात आहे.

डोंबिवली

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका. आमची आई दोन साड्या आणि एक पँट देऊन बोहारणीकडून स्टीलचं पातेलं घ्यायची, तासभर घासाघीस करून. पातेलं अजून आहे. साड्या कोणाच्या तरी अंगावर गेल्या. घर साडेचारशे फुटांचं असेल तर प्रत्येक चिंधीची वस्तू करायचा अट्टहास कशाला? मी तीन वर्षं "कधीतरी करू" म्हणून कपडे साठवले, शेवटी त्यात उंदराने पिल्लं घातली. महिनाभरात कात्री लागली नाही तर देऊन टाका.

ठाणे

डोंबिवलीकर, तुमचं पटतंय आणि म्हणूनच राग येतोय. महिनाभर कबूल.

ब्लाउजपीसांबद्दल कोणी काही बोललं नाही. की सगळ्यांकडे तोच ढीग आहे?

कोल्हापूर

आहे ना! मी खणाच्या तुकड्यांचं तोरण आणि देवाच्या पाटावर घालायला आसन केलं. आसनाला खाली पांढरं धोतर लावलं आणि धुवायला टाकलं. खणाचा लाल रंग धोतरात असा उतरला की पंचमी खेळून आल्यासारखं. ओटीच्या कापडाचा भरवसा नसतो. शिवण्याआधी प्रत्येक तुकडा वेगवेगळा भिजवा, पाणी रंगीत आलं तर तो तुकडा फिकट कापडाशेजारी नको. कोऱ्या कापडाचं आणखी एक, ते आटतं. जुनं आधीच आटून बसलेलं असतं. दोन्ही एकत्र शिवले की पहिल्या धुण्यानंतर सुरकुत्या. माझं आसन आता गुलाबी आहे आणि मधे जरा फुगलंय. गौरीच्या वेळी काढते, वर तांदूळ पसरले की दिसत नाही.

ठाणे

काल रात्री सुरुवात केली. तीन शर्ट पूर्ण उसवले, शिवणी, काजपट्ट्या, खिसे, सगळं. उसवायलाच दीड तास. एका खिशात २०१४ चं लोकलचं रिटर्न तिकीट निघालं, ठाणे ते दादर. बटणं डब्यात टाकली, एकवीस. साड्यांना आज पेज देते. वाकळ तीन थरांची करणार, कारण पाऊस ठाण्यातही काही कमी नाही.

सातारच्या ताई, कच्चे टाके किती लांब घालायचे? आणि अंगण नाहीये, हॉलची फरशी आहे. दगडांऐवजी डाळीचे डबे चालतील ना?