बाथरूमच्या जमिनीला टाइल्स किती घ्याव्यात? अनुभव लिहा

पार्ले : आमच्या सोसायटीत वॉटरप्रूफिंगची कामं निघाली आहेत. दुकानात विचारलं की लांबी गुणिले रुंदी, वर 10 टक्के, एवढंच सांगतात. लहान बाथरूमला हे पुरतं का? ज्यांनी काम करून घेतलंय त्यांनी कृपया मापांसकट लिहा.

मुलुंड : नाही पुरत. आमचं बाथरूम 5 फूट 7 इंच बाय 4 फूट 7 इंच. क्षेत्रफळ साधारण साडेपंचवीस चौरस फूट, 10 टक्के धरून 28. म्हणून दुकानदार म्हणाले, फूट बाय फूटच्या 28 टाइल्स. आमच्या मिस्त्रींनी ओळी मोजल्या. लांबीला 5 अख्ख्या आणि एक तुकडा, रुंदीला 4 अख्ख्या आणि एक तुकडा. सहा पंचे तीस! तुकडा कापून उरते ती चार बोटांची पट्टी, ती दुसरीकडे कुठेच बसत नाही. त्यातून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार काढताना टाइल तिरकी कापावी लागते, तिथे एखादी फुटतेच. खोक्यात 10 नग होते, आम्ही चार खोकी आणली. आणि ही 'फुटाची' टाइल असते 300 मिलिमीटरची, म्हणजे फुटाला जरा कमीच.

परळ : चाळीतल्या मोरीचा एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. माप दोन्ही टोकांना घ्या आणि मोठं असेल ते धरा.

बोरिवली : जास्तीच्या टाइल्स टाकून देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. काही वर्षांनी खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि ट्रॅपभोवतीची जमीन फोडावी लागली. बाबांनी माळ्यावर खोकं जपून ठेवलं होतं, म्हणून जमीन पुन्हा एकसारखी झाली. शेजाऱ्यांनी तेच डिझाइन नव्याने आणलं, पण बॅच वेगळी. रंगातला फरक दारातूनच दिसतो. खरेदी करतानाही सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, ते बघून घ्या.

दादर : न फोडलेलं खोकं परत घेणार का, ते आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लिफ्ट नसेल तर हमाली वेगळी.

पार्ले : डिझाइन तिरकं लावायचं ठरलं तर?

मुलुंड : ताई, मग भिंतीलगतची प्रत्येक टाइल कापावी लागते. 10 ऐवजी 15 टक्के धरा. एवढ्याशा जागेत मी तरी सरळच लावीन.