मदत हवी आहे: बेळगावजवळच्या प्लॉटचं टोकन दिलंय, एजंट मूळ कागद दाखवत नाही आणि बाँड करायची घाई करतोय

वडगावकर

नमस्कार मंडळी. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, आई-बाबा वडगावात. बाबा उद्यमबागच्या एका फौंड्रीतून निवृत्त झाले. वाटणीत आलेल्या दोन खोल्यांत आता भागत नाही, म्हणून फंडाच्या पैशांतून प्लॉट घ्यायचा विचार चालू होता. ओळखीच्या एका एजंटानं हलगा-मच्छे बायपासच्या बाजूला एक लेआउट दाखवला. ३० बाय ४० चा प्लॉट, भाव १८ लाख. बाबांनी दोन लाख टोकन दिलं आहे. त्यातले पन्नास हजार फोनवरून एजंटाच्या स्वतःच्या खात्यावर गेले, दीड लाख रोख. पावती एजंटाच्या लेटरहेडवर आहे. त्यावर प्लॉट नंबर आणि 'टोकन रक्कम मिळाली' एवढंच लिहिलंय. जमीनमालकाचं नाव नाही, सर्व्हे नंबर नाही.

टोकन घेईपर्यंत तो सांगत होता की एनए (बिगरशेती) झालंय, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आहे, रेराचा (घर-प्लॉटच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबरही आहे. बोर्डावर रेरा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे, हे खरं. आता म्हणतो, आठ दिवसांत आणखी पाच लाख द्या, शंभराच्या बाँडवर (स्टँप पेपरवर) संचकारपत्र (विसाराचा करार) आणि वटमुखत्यारपत्र करून देतो, खरेदीपत्र 'एनएचं काम पूर्ण झालं की' करू. मग आधी काय झालं होतं?

मी एनएची ऑर्डर मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर एका झेरॉक्सचा फोटो आला. कन्नडमध्ये, आणि नेमका सर्व्हे नंबर असतो तिथेच पुसट. बाबांचं शिक्षण मराठी शाळेत झालं. कन्नड बोलतात, पण वाचता येत नाही. एजंटानंच त्यांना तो कागद वाचून दाखवला आणि 'सगळं क्लिअर आहे मामा' म्हणाला. मालकाला भेटायचं म्हटलं की टाळतो: 'तो शेतकरी माणूस, तुम्ही थेट गेलात तर भाव वाढवून बसेल.' वर रोज फोन. आणखी तिघं लायनीत आहेत, रिंग रोड आला की भाव दुप्पट होणार.

हा माणूस आमच्याच भागातला, गणपतीला घरी येणारा. त्यामुळे बाबांना त्याच्यावर संशय घ्यायलाच नको वाटतं. मला त्यांचं मन मोडायचं नाही, पण हे पैसे म्हणजे त्यांच्या सगळ्या नोकरीची कमाई आहे. पाच लाख थांबवू का? कागद खरे आहेत का हे एजंटाला न विचारता कसं कळेल? आणि दोन लाख परत मिळतील का? कृपया सांगा.

निपाणीकर

पाच लाख देऊ नका. बाकी काय करायचं ते जाणकार सांगतीलच, पण आधी आज बाबांना फोन करा आणि कशावरही सही करू नका म्हणावं. वटमुखत्यारपत्रावर तर नाहीच. मुखत्यारपत्र आणि बाँडवरच्या करारानं जमिनीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केलंय. मालकी नोंदणी केलेल्या खरेदीपत्रानंच येते.

दस्तलेखक

वडगावकर, मी सबरजिस्ट्रार ऑफिसच्या आवारात दस्त लिहितो. तुमच्यासारखी माणसं पैसे देऊन झाल्यावर येतात, फार वाईट वाटतं. तुम्ही वेळेत विचारताय.

पहिलं म्हणजे बोर्डावरचा रेरा नंबर नीट वाचा. कर्नाटक रेराच्या नंबरात मधल्या भागात पीआर अक्षरं असतात किंवा एजी. पीआर म्हणजे प्रोजेक्टची नोंदणी, एजी म्हणजे एजंटाची. एजंट आपला स्वतःचा एजी नंबर लेआउटच्या बोर्डावर रंगवतो आणि लोकांना वाटतं प्लॉटच रेरात आहेत. नंबर खोटा नसतो, म्हणून पकडायलाही अवघड. दुसरा प्रकार म्हणजे फेज एकचा पीआर नंबर दाखवून फेज दोनचे प्लॉट विकायचे. रेराच्या साइटवर नंबर टाकला की प्रोजेक्टचं नाव, सर्व्हे नंबर, नकाशा सगळं दिसतं. तिथे आपला सर्व्हे नंबर आहे का एवढं बघायचं.

५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर रेरा नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे, म्हणजे कुठलाही लेआउट आलाच. अशा नोंदणी नसलेल्या लेआउटचे प्लॉट एजंटानं विकून देणं हेही २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १० विरुद्ध आहे. आणि कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमचे १८ लाखांवर दोन लाख आधीच त्याच्या वर गेलेत, आणि तो अजून पाच मागतोय.

दुसरं, जागा. भावाला किंवा कुणाला त्या प्लॉटवर उभं करा आणि फोनवर दिशांक अ‍ॅप उघडायला सांगा. सरकारी अ‍ॅप आहे. आपण उभे आहोत तिथला सर्व्हे नंबर दाखवतं. रस्त्यालगतचा प्लॉट दाखवायचा आणि कागद मागच्या सर्व्हे नंबरचे करायचे, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. नंबर मिळाला की भूमी या सरकारी साइटवरून पहाणी (इकडचा सातबारा) काढा, कावेरी या नोंदणी खात्याच्या साइटवरून ईसी (नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला) काढा. ईसी फॉर्म १५ मध्ये आली तर त्या जमिनीचे आधीचे व्यवहार आणि गहाण दिसतील. फॉर्म १६ म्हणजे त्या काळात नोंदलेला व्यवहार नाही. पण एक लक्षात ठेवा, बाँडवरचे करार ईसीत येतच नाहीत. तोच प्लॉट बाँडवर चौघांना दिला असला तरी ईसी कोरी दिसेल.

पहाणीत रकाना ९ मध्ये मालक, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क. तेवढे दोन रकाने कन्नड येणाऱ्या शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलीकडून वाचून घेतलेत तरी चालेल. फक्त विकणाऱ्याकडून वाचून घेऊ नका. माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे. आपल्या मराठी माणसाला कन्नड वाचता येत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्यावरच त्यांचा धंदा चालतो. कागद सरकारी आहेत, कुणालाही मिळतात. एजंटाच्या हातूनच ते घ्यायचे असा काही नियम नाही.

कंग्राळीची लेक

दादा, मी दुसऱ्या बाजूनं सांगते. आमच्या माहेरची जमीन अशीच एका एजंटानं विकायला काढली. भावांना एक भाव सांगितला, गिऱ्हाइकाला त्याच्या दीडपट. मधले सगळे 'वरचे' त्याचे, आणि शिवाय दोन्हीकडून दोन-दोन टक्के कमिशन. मालकाची आणि घेणाऱ्याची गाठ पडू देत नाहीत ते यासाठी. तुमच्या बाबांना सांगितलेलं कारण आमच्या गिऱ्हाइकालाही शब्दाला शब्द सांगितलं होतं.

आणि आम्हा दोघी बहिणींना विचारलंच नाही. 'बहिणींची सही लागत नाही' असं तो गिऱ्हाइकाला सांगून मोकळा झाला. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे. कर्नाटकात तर १९९४ पासूनच कायदा होता, २००५ ला देशभर झाला. आम्ही हरकत घेतली आणि व्यवहार अडकला. त्यात पैसे अडकले त्या बिचाऱ्या शिक्षकाचे, एजंटाचं काहीच गेलं नाही. म्हणून मालकाच्या घरी नक्की जा आणि त्याला बहिणी किती, त्या सह्या करणार का, हे तोंडावर विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

खानापूरचा एजंट

मी स्वतः एजंटगिरी करतो, खानापूर भागात. सगळ्यांना एका मापानं मोजू नका ही विनंती, पण वर लिहिलंय ते खरं आहे, नाकारत नाही. मी कमिशन कागदावर लिहून घेतो आणि विसार देताना मालक समोर असल्याशिवाय पैशाला हात लावत नाही. विसाराचे पैसे मालकाच्या नावानं, चेकनंच. जो एजंट पैसे स्वतःच्या खात्यावर घेतो त्याच्याकडे बहुतेक वेळा मालकाचा अधिकारच नसतो. नुसतं तोंडी 'गिऱ्हाइक आण, बघू' एवढंच ठरलेलं असतं.

बाँडवर गुंठा-दोन गुंठे घेऊन लोक वर्षानुवर्षं घरं बांधून राहतात, लाइटही मिळते, हे बघून बाबांना वाटत असेल की काय बिघडतं. बिघडतं ते असं की बँक कर्ज देत नाही, आणि पुढे विकायचं म्हटलं तर आता ई-खात्याशिवाय (मिळकतीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय) रजिस्ट्रीच होत नाही. पंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ लागतो. 'बी खातं (विनामंजुरी प्लॉटांची वेगळी नोंद) निघतंय, सगळं होऊन जाईल' असं हल्ली फार ऐकवतात. होईल तेव्हा घ्या की. आज त्याच्या भरवशावर पैसे मोजायचं काय कारण?

वडगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. धाकटा भाऊ जाऊन आला. दिशांकमध्ये आम्हाला दाखवलेल्या प्लॉटचा सर्व्हे नंबर वेगळा आणि एनएच्या झेरॉक्सवर जेमतेम वाचता येतो तो वेगळा. पहाणी काढली. जमीन अजून शेतीचीच आहे, मालकी पाच जणांच्या नावावर, आणि रकाना ११ मध्ये कृषी पत्तीनचा (शेती पतसंस्थेच्या कर्जाचा) बोजा. बोर्डावरचा रेरा नंबर एजी निघाला. दस्तलेखक, तुम्ही म्हणालात अगदी तसंच.

पहाणी कन्नडमधून वाचून दाखवली समोरच्या घरातल्या मुलीनं. बाबा शेजारी बसून ऐकत होते. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले की पैसे परत मागूया. आता ते कसे मागायचे?

वकील, बेळगाव

पुरावा आधी सांभाळा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, आवाजातले निरोप, झेरॉक्सचा फोटो, काही डिलीट करू नका. ज्या फोनवर आले तो फोन बदलू नका. बोर्डाचा फोटो काढून ठेवा, हा बोर्ड आठवड्यात रंगवून टाकतील. बँकेतून पन्नास हजारांचा उतारा घ्या. रोख दीड लाखाची पावती आहे हे फार बरं झालं. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा होऊ शकतो. नोटिसीत हे एक वाक्य जरूर घाला.

वकिलामार्फत स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. एजंटाला, आणि पहाणीतल्या पाचही मालकांना. मालकांना पाठवायचं कारण असं की त्यांनी 'आम्ही याला कधी नेमलंच नाही' असं उत्तर दिलं तर तुमची फसवणुकीची बाजू पक्की होते. पैसे आले नाहीत तर मार्ग तीन. रेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते, नोंदणी नसलेल्या लेआउटबद्दलही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, कारण लेआउट पाडून, सोयी देण्याचं सांगून प्लॉट विकणं ही सेवा धरली जाते, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. आणि दुसऱ्या सर्व्हे नंबरची ऑर्डर आपली म्हणून दाखवून पैसे घेतलेत, ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत फिर्याद देता येते. माझ्या मते नोटीस आणि रेरा आधी. पोलिसांत गेलं की हे लोक 'दिवाणी बाब आहे' म्हणून वेळ काढतात.

खर्चाची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नसते. आईच्या खात्यातून काही रक्कम गेली असेल तर त्यांच्या नावानं अर्ज होऊ शकतो का तेही विचारा.

वडगावकर

सर, नोटीस तयार होतेय हे कुठून तरी त्याच्या कानावर गेलं. काल घरी येऊन म्हणाला, 'मामा, विषय वाढवू नका, पुढच्या महिन्याच्या तारखेचा दोन लाखांचा चेक देतो, पावती परत द्या.' बाबा म्हणतात घेऊन टाकूया. घ्यावा का?

वकील, बेळगाव

चेक घ्या, पावती देऊ नका. पावतीच्या झेरॉक्सवर लिहून घ्या: 'सदर टोकन परत करण्यासाठी अमुक नंबरचा चेक दिला, चेक वठल्यावर मूळ पावती परत मिळेल.' खाली त्याची सही आणि तारीख. चेक त्याच्या स्वतःच्या खात्याचा आहे ना ते बघा, दुसऱ्या कुणाचा असेल तर नको म्हणा. तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १३८ ची (चेक न वठल्याची) नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस. तेही गेले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार दाखल करायची. या तारखा चुकवू नका.

आणि तो 'नवीन प्लॉटमध्ये हे पैसे वळते करून देतो' असं म्हणाला तर नाही म्हणा.