आईच्या आठवणींची जुनी फाईल फोनला वाचता येईना : कृतिदेवमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा?

रामबागेतली

नमस्कार. मी इंदूरची. प्रश्न जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं काय अडलंय ते कळेल.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. इथल्या मराठी शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर तिने आठवणी लिहिल्या: माहेरचं तोपखान्यातलं घर, कान्ह नदीचा पूर, अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्यावर सतरंजी टाकून पाहिलेल्या गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ), १९८४ मध्ये राजवाडा जळाला त्या दिवसांतली भीती. २००३ साली भावाने ते सगळं एका टायपिंगच्या दुकानातून टाईप करून घेतलं. दुकान हिंदीचं होतं, कोर्टाची कागदपत्रं आणि विद्यार्थ्यांचे अर्ज करणारं. एकूण चौदा प्रकरणं, दोनशे चौदा पानं, वर्डच्या चौदा फाईली, फॉन्ट कृतिदेव ०१०. एक सीडी आणि स्पायरल बाइंडिंगची एक प्रत आमच्याकडे आहे. मूळ वह्या घर बदलताना गेल्या.

आता आईला मोठं अक्षरसुद्धा वाचवत नाही. म्हटलं, तिचंच लिखाण तिला फोनवरून ऐकवावं. फाईल फोनवर उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आणि फोन ती एकेक करून म्हणायला लागला. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ‘ई, जे, के, बी, एच’. आई म्हणाली, “हा काय इंग्रजी वाचून राहिलाय? माझं कुठे आहे?”

सगळा मजकूर निवडून फॉन्ट ‘मंगल’ केला, तरी तेच. इथल्या एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले की पुन्हा टाईप करावं लागेल. दोनशे चौदा पानं मी करीन, पण मला चार-सहा महिने लागतील आणि मला ते आईला आत्ता ऐकवायचंय. अकराव्या प्रकरणाची फाईल तर सीडीवरून उघडतही नाही. काही मार्ग आहे का?

अक्षरजुळणी

ताई, पुन्हा टाईप करू नका. मी पंधरा वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम केलंय, त्यातली निम्मी कृतिदेवमध्ये.

फॉन्ट बदलून काही होत नाही, कारण त्या फाईलमध्ये देवनागरी मुळात नाहीच. आत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत. कृतिदेव हा फॉन्ट इंग्रजी ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र दाखवतो, ‘जे’च्या जागी ‘र’चं. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी उघडी पडते आणि फोनला तेवढीच दिसते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ पासून आहेत, विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फॉन्टही आला. पण तेव्हा छपाईचं काम पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चालायचं आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी झेपत नव्हती. म्हणून दुकानं कृतिदेवलाच धरून राहिली. तुमच्या टायपिस्टचा यात दोष नाही.

आता काम. आधी सीडीची पूर्ण नक्कल हार्ड डिस्कवर आणि एक पेनड्राइव्हवर करा. मूळ फाईलींना हात लावायचा नाही. मग ‘कृतिदेव ते युनिकोड’ बदलून देणारं एखादं पान घ्या, फुकट बरीच मिळतात. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून पाहा. तरीही मजकूर बदलला गेला तर काम तुमच्याच संगणकात होतंय, आईचं लिखाण बाहेर कुठे जात नाही. एका वेळी आठ-दहा पानं टाका.

नुसतं शोधा-आणि-बदला करून हे जमत नाही, त्याचंही कारण सांगतो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, जशी ती डोळ्याला दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘स्थिती’मध्ये तिला अर्ध्या ‘स’ला आणि ‘थ’ला, दोघांनाही ओलांडून जावं लागतं. रफार याच्या उलट, ‘सूर्या’मधला रफार जुन्या फाईलमध्ये सगळ्यात शेवटी असतो, तो उचलून ‘य’च्या आधी न्यावा लागतो. चांगलं कन्व्हर्टर हे करतं. मध्येच इंग्रजी शब्द असतील तर त्यांचाही देवनागरी चुथडा होईल, ते आधी वेगळ्या रंगात करून ठेवा.

सुदामानगरकर

मीही इंदूरचाच. वडिलांच्या कीर्तनाच्या टाचणांचं हेच काम मी मागच्या वर्षी केलं. अक्षरजुळणी यांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण मराठीसाठी खरं काम कन्व्हर्टरनंतर सुरू होतं. टायपिस्ट हिंदीचा होता ना? मग तीन गोष्टी मिळतीलच.

पहिली सोपी. वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी हिंदीचा दंड असेल. तो सरसकट टिंबात बदला.

दुसरी, ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘वाऱ्यावर’. तो अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून टायपिस्ट तिथे आडवी रेघ मारायचे: ‘दुस-या’, ‘सा-या’, ‘व-हाड’, ‘त-हा’. ‘-या’च्या जागी ‘ऱ्या’ आणि ‘-ह’च्या जागी ‘ऱ्ह’ करायचं, पण ‘सर्व बदला’ हे बटण दाबू नका! मी दाबलं आणि ‘काशी-यात्रा’ची ‘काशीऱ्यात्रा’ झाली. एकेक पाहून बदला. काही ठिकाणी टायपिस्टने रेघेऐवजी रफारच दिला असेल. आचार्यांना वाढलं आणि आचाऱ्यांना वाढलं, किंवा दर्या आणि दऱ्या, हे वाचूनच कळतं.

हे अक्षर टाईप करताना इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’, मग ‘डी’, मग ‘य’. म्हणजे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलंत (पाय मोडायचं चिन्ह). काही ठिकाणी हेच अक्षर साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून केलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखीच, पण शोधताना एक सापडतं नि दुसरं सापडत नाही. सगळीकडे एकच पद्धत ठेवा.

तिसरी गोष्ट, ळ. कृतिदेवमध्ये ळ आहे, इंग्रजी मोठ्या ‘जी’वर. पण हिंदी टायपिस्टचा हात सवयीने ल वर जातो. ‘वेळ’चा ‘वेल’, ‘काळ’चा ‘काल’, ‘मूळ’चा ‘मूल’, ‘बाळ’चा ‘बाल’. दोन्ही मराठी शब्द, त्यामुळे स्पेलिंग तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर इथे लाल रेघ देणार नाही. याला माणूसच लागतो.

रामबागेतली

तुम्ही दोघांनी जे लिहिलंय ते फाईलमध्ये अक्षरशः तसंच आहे. काल रात्री पहिली तीन प्रकरणं बदलली. पडद्यावर ‘माझे आजोळ’ हे शब्द खरे देवनागरीत उमटले तेव्हा मी भावाला फोन केला, साडेअकरा वाजले होते.

ळ चा घोळ पहिल्या चार प्रकरणांत फार आहे, पाचव्यापासून कमी. आईला विचारलं तर तिला आठवत होतं. तिने चौथ्या प्रकरणानंतर स्वतः दुकानात जाऊन त्या मुलाला वहीत मोठा ळ काढून दाखवला होता, तीन वेळा गिरवायला लावला होता. तो मुलगा तिला ‘मॅडम’ म्हणायचा आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ‘आता बघा’ म्हणून कागद पुढे करायचा. मागची प्रकरणं दुरुस्त करायला पैसे जास्त पडले असते, म्हणून ती तशीच राहिली. वीस-बावीस वर्षं तिच्या मनात ते खुपत होतं, हे मला काल कळलं. ‘आमची शाला’ असं स्वतःच्या नावाखाली छापलेलं तिला बघवत नसे, म्हणून ती प्रत तिने कुणाला वाचायला दिलीच नाही. आम्हाला वाटायचं की ती संकोची आहे.

त्यामुळे आता ळ मी एकही सोडणार नाही. पण अकराव्या प्रकरणाचं काय करू? ते झांक्यांचं आहे, तिचं सगळ्यात आवडतं.

नवलखा

अकरावं प्रकरण स्पायरलच्या प्रतीत छापलेलं आहे ना? मग ते गेलेलं नाही. पानं स्कॅन करा, ३०० डीपीआयवर, सरळ आणि पूर्ण उजेडात. पान वाकडं असलं तर ओळी एकमेकींत घुसतात. स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवा, फाईलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गुगल डॉक्स निवडा. चित्राखाली मजकूर येईल, आणि तो थेट युनिकोडमध्येच असेल, कृतिदेवची भानगडच नाही. छपाई स्वच्छ असेल तर मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र मूळ पानाशी लावून तपासा. ‘दुस-या’मधली रेघ छापलेलीच आहे, ती तशीच येईल.

हे ड्राइव्हवर जातं, म्हणजे संगणकाबाहेर जातं, ते चालणार असेल तरच करा. नको असेल तर टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठीचा संच जोडता येतो आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. बसवायला थोडं किचकट आहे, अडलं तर विचारा.

ऐकण्याबद्दल: अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं. टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये भाषा मराठी निवडा, हिंदी राहू देऊ नका. हिंदी आवाज ‘चमचा’तला च हिंदीसारखा उच्चारतो, आईंना ते चालणार नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. लॅपटॉपवर एज ब्राउझरच्या ‘रीड अलाउड’मध्ये मराठीचे दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. त्यांना इंटरनेट लागतं, पण वाचन पुष्कळ मऊ आहे. वेगही कमी करता येतो.

अक्षरजुळणी

एक राहिलं. पुन्हा छापणार असाल तर वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी करून ठेवा, आणि मराठी वळणाचे ल आणि श असलेला फॉन्ट निवडा. नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे छापले जातात. आईंनी ळ साठी दुकान गाठलं होतं, त्यांना हिंदी वळणाचा ल दाखवू नका.

रामबागेतली

हिंदी वळणाचा ल तिने स्पायरलच्या प्रतीत आधीच ओळखला होता, काल स्वतःहून म्हणाली. म्हणजे तेही करतेय.

आज कुठवर आलं ते सांगते. अकरावं प्रकरण भाच्याने स्कॅन केलं, ड्राइव्हला आईची हरकत नव्हती. सोळा पानांत मला साधारण साठ दुरुस्त्या कराव्या लागल्या, बहुतेक अनुस्वाराच्या. दुपारी चहानंतर लॅपटॉप आईच्या पलंगाशी नेला आणि आरोहीच्या आवाजात, वेग कमी करून, ते प्रकरण लावलं. पहिली दोन-तीन वाक्यं तिला परकी वाटली, ‘ही कोण?’ म्हणाली. मग सतरंजीचा उल्लेख आला आणि ती पुढचं वाक्य आवाजाच्या आधी म्हणायला लागली. पूर्ण पाऊण तास ऐकलं. दोन ठिकाणी हात वर करून थांबवलं. एके ठिकाणी ‘गल्ली’ हवं होतं तिथे ‘गली’ होतं. दुसरी चूक संगणकाची नाही, तिची स्वतःची, २००३ मधली: मामांबरोबर गेलेलं वर्ष चुकलं होतं, ते १९५१ नव्हे, १९५२.

आता तिला पंधरावं प्रकरण सांगायचंय, शाळेतल्या शेवटच्या दिवसाचं, ते तेव्हा लिहायचं राहून गेलं. हात थरथरतो म्हणून ती बोलणार. गुगल डॉक्समधल्या आवाजी टायपिंगमध्ये भाषा मराठी करून मी दोन वाक्यं घेऊन पाहिली, ळ बरोबर आला. पण ते विरामचिन्हं घालत नाहीये आणि ती मध्ये थांबली की ऐकणं बंद पडतं. आई सावकाश बोलते, मध्ये मध्ये बराच वेळ गप्प असते. आधी फोनवर रेकॉर्ड करून मग मी ऐकून टाईप करावं, की यावर काही उपाय आहे? उद्या सकाळी दहा वाजता बसायचं ठरलंय.

सुदामानगरकर

रेकॉर्ड करा, ताई. टायपिंग नंतर कधीही होईल. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्ये कुणाचा कॉल येणार नाही, आणि त्या गप्प बसल्या तरी रेकॉर्डिंग थांबवू नका. फाईलची नक्कल त्याच दिवशी पेनड्राइव्हवर. टाईप करायला माणूस कमी पडला तर मला सांगा, मी सुदामानगरातच आहे, निम्मं मी करून देतो. ळ सकट.